हवालदारांचा गज

सरकारी नोकरीच्या चौतीस वर्षांपैकी अकरा वर्षे, दोन खेपांत मिळून, मी कोकणातील एका जिल्हा कचेरीच्या गृहशाखेत शस्त्रपरवान्यांच्या मेजावर काढली. आणि त्या अवधीत काही हजार बंदुका माझ्या हाताखालून गेल्या असे मी म्हटले, तर कागदोपत्री ते विधान खोटे ठरणार नाही. वस्तुस्थिती अशी की त्यांतली एकही बंदूक मी हातात धरलेली नव्हती. महाविद्यालयात असताना छात्रसेनेच्या शिबिरात पॉइंट टू-टू रायफलीच्या पाच गोळ्या झाडल्या, एवढाच माझा शस्त्रविद्येशी संबंध. त्यांपैकी चांदमारीच्या फळ्याला किती लागल्या ह्याची नोंद सुदैवाने कोणत्याही दफ्तरात शिल्लक नाही. मला ठाऊक होती ती बंदुकीची कैफियत : ती कोणाची, कोणत्या नंबराची, कोणत्या कारणासाठी आणि तिची मुदत केव्हा संपते.

ह्या बंदुका बहुतांशी ठासणीच्या. डोंगरउतारावरच्या भाताला रानडुकरांचा आणि नारळ-काजूला वानरांचा उपद्रव ज्यांनी सोसला आहे, त्यांना ह्या बंदुकीचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही ते ओळखले आहे. शेतीच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी व खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, अन्य अडचण नसेल तर, परवाना द्यावा असे त्याचे तेरावे कलम सांगते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र ‘सबळ कारण’ दाखवावे लागते आणि ते कारण परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटावे लागते. त्याच अधिनियमात एक लहानसे पोटकलम आहे, जे मला नेहमीच प्रिय वाटत आले : अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येणार नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत ज्या कायद्याने ह्या देशातील रयतेच्या हातचे शस्त्र काढून घेतले आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट दिली, त्या कायद्याच्या जागी आलेल्या अधिनियमात हे वाक्य वाचताना एखाद्या सामान्य कारकुनालाही स्वराज्य म्हणजे काय ते कळावे, अशी त्याची योग्यता आहे.

अर्ज आला म्हणजे बारनिशीत त्याची नोंद होई, पोलीस ठाण्याकडून चौकशीचा अहवाल मागविला जाई, सातबाराचा उतारा, तलाठ्याचा दाखला, वयाचा पुरावा (एकवीस वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत), पूर्वीच्या गुन्ह्यांची माहिती असे एकेक पान नस्तीला लागत जाई, आणि सर्व पाने जागच्या जागी आली म्हणजे मी सर्वांत खाली माझा आवडता शेरा लिही : ‘कागदपत्रे परिपूर्ण. आदेशार्थ सादर.’ माझे अक्षर बरे आहे. हा शेरा लिहिताना मला जो एक प्रकारचा तृप्त आनंद होत असे, त्याची आठवण आज मला सुखाची वाटत नाही.

२००४ साली जिल्ह्यात एकाच वर्षात दोन निवडणुका आल्या. उन्हाळ्यात लोकसभेची आणि ऑक्टोबरात विधानसभेची. निवडणूक आली की परवानेदारांनी आपली शस्त्रे ठाण्यात जमा करावीत असा हुकूम सुटतो, आणि ऑक्टोबरात तो सुटला म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचे पाणी पळते. कारण भात लोंबीला आलेले असते आणि रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते. लोकांची ही तक्रार मला तेव्हाही रास्त वाटे, आजही वाटते. जमा झालेल्या शस्त्रांचा ताळमेळ घेण्यासाठी मी रजिस्टर घेऊन एका तालुक्याच्या ठाण्यात गेलो, तेव्हा पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातील एक हवालदार तेथे आधीच येऊन बसले होते. निवृत्तीला आलेले, सडसडीत, कानाने किंचित अधू झालेले गृहस्थ. आयुष्यभर चांदमारीवर उभे राहिलेल्या माणसाचे कान असेच जातात, असे त्यांनीच मला पुढे सांगितले. कोठडीत भिंतीला टेकून एक्केचाळीस बंदुका उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली होती. मी चिठ्ठ्यांवरचे नंबर वाचू लागलो.

“थांबा, भाऊसाहेब,” हवालदार म्हणाले. “नंबर मग वाचा. आधी त्या काय म्हणतात ते ऐकू.”

त्यांनी पहिली बंदूक उचलली. नळीचे तोंड कोठडीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळविले, घोड्याखाली केप बसविलेली नाही ना हे बोटाने चाचपून पाहिले, आणि मग लोखंडी गज नळीत अलगद, अगदी तळाशी टेकेपर्यंत सोडला. जेथे नळीचे तोंड संपते तेथे गजावर अंगठा दाबून धरला, गज बाहेर काढला, आणि तोच गज नळीच्या बाहेरून, अंगठा तोंडापाशी ठेवून आडवा लावला. गजाचे दुसरे टोक घोड्याखाली केप बसते त्या जागेपर्यंत पोचले. “रिकामी,” ते म्हणाले, आणि मी रजिस्टरात खूण केली. दुसरी रिकामी. तिसरी रिकामी. नवव्या बंदुकीला गजाचे टोक त्या जागेच्या चार बोटे अलीकडेच थांबले. हवालदारांनी काही न बोलता ती बंदूक वेगळी ठेवली. एक्केचाळीसपैकी तीन बंदुका अशा वेगळ्या निघाल्या. ठासलेल्या, दारू आणि छर्ऱ्यांसह, वर काथ्याचा बोळा दाबून बसविलेल्या, आणि त्याच अवस्थेत एस. टी.च्या गाडीतून माणसांच्या गर्दीत ठाण्यापर्यंत आलेल्या.

त्यांतील एका बंदुकीचा मालक बाहेर पडवीत बसला होता. त्याला बोलावून विचारले, तर तो ओशाळला नाही, त्याला नवलच वाटले. “केप काढलंय मा, साहेबानु,” तो म्हणाला. “केप नाय तर बार कसो सुटतलो?”

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, आणि येथेच ह्या शस्त्राची खरी गोम आहे. काडतुसी बंदूक उघडली, काडतूस काढून खिशात टाकले, की ती रिकामी होते, आणि ती रिकामी झाल्याचे डोळ्यांना दिसते. ठासणीची बंदूक एकदा ठासली की ती रिकामी करण्याचा खराखुरा सोपा मार्ग एकच, तो म्हणजे बार काढणे. रात्री माळ्यावर राखणीला बसलेल्या शेतकऱ्यासमोर डुक्कर आलेच नाही, तर पहाटे दारू आणि छर्रे वाया घालवून आकाशात बार काढण्यापेक्षा तो केप तेवढी उतरवितो आणि बंदूक ठासलेलीच घरी नेऊन खुंटीला टांगतो. उद्या रात्री पुन्हा जायचेच असते. मग पाऊस येतो, लग्न निघते, दुखणे येते, आणि उद्याची रात्र वर्षावर जाते. नळीत कोरडी बसलेली दारू मात्र वाट पाहण्यास कंटाळत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी हवालदारांनी तिन्ही बंदुका माळावर नेऊन रिकाम्या केल्या. परतताना चहा घेता घेता त्यांनी मला आपले सारे शास्त्र पाच मिनिटांत सांगितले : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, नळी कोणाही माणसाकडे वळवू नये, रिकामी असली तरी, नेम धरीपर्यंत बोट चापावर जाऊ देऊ नये, आणि नेमाच्या पलीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय बार काढू नये. “ह्यातलं शेवटचं पाळलं असतं,” ते म्हणाले, “तर शिकारीला गेलेली किती माणसं परत आली असती.” कोकणात राहणाऱ्या वाचकाला ह्या वाक्याचा अर्थ सांगायला नको. झुडूप हलले म्हणून बार काढला आणि झुडपात डुक्कर नसून सोबती होता, ही बातमी आमच्याकडे वर्तमानपत्रात अधूनमधून येतच असते.

मला हे सर्व फार मनोरंजक वाटले. घरी जाऊन मी ते मुलांना सांगितले. आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २००५ मध्ये, एका वारसाचा अर्ज माझ्या मेजावर आला.

अर्जदाराचे वडील परवानेदार होते आणि २००३ च्या पावसाळ्यात ते वारले होते. परवानेदार मृत्यू पावला म्हणजे शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. त्याप्रमाणे त्यांची ठासणीची बंदूक (दुसऱ्या एका ठाण्यात, हवालदारांनी पाहिलेल्या नव्हे) दीड वर्ष पडून होती. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, पोलीस अहवाल, सारे काही यथास्थित होते. मी माझा शेरा लिहिला, आदेश झाला, परवाना निघाला. त्या बंदुकीत गज घालून पाहिला आहे काय, हा प्रश्न विचारण्यासाठी नस्तीत जागा नव्हती हे खरे. पण माझ्या डोक्यात तो प्रश्न यावयास काही हरकत नव्हती, आणि तो आला नाही हेही तितकेच खरे.

पुढची हकीकत मला पंचनाम्याच्या नकलेवरून कळली. मुलाने बंदूक घरी आणली. वडिलांच्या पानाच्या डब्यात जुन्या केपा राहिल्या होत्या; दीड वर्ष पडलेल्या बंदुकीचे छिद्र मोकळे आहे की नाही ते पाहण्यासाठी त्याने त्यांतली एक बसविली आणि अंगणात उभे राहून चाप ओढला. केप फुटली की छिद्रातला गंज उडून जातो, एवढीच त्याची कल्पना. बार झाला. गोठ्याच्या दाराशी त्याचा चौदा वर्षांचा पुतण्या वैरण घेऊन उभा होता. छर्रे त्याच्या डाव्या गुडघ्यात शिरले. जबाबात मुलाचे एक वाक्य होते, ते मला शब्दशः आठवते : ‘बंदूक पोलीस ठाण्यातून आणलेली असल्याने ती रिकामीच असणार असे मला वाटले.’

पोलिसांचा कयास असा होता की त्याने घरी आल्यावर बंदूक ठासली असावी आणि आता तो नाकबूल करतो आहे. परवाना जप्त होऊन माझ्याकडे आला, तेव्हा मी सवयीने मागचे पान उलटून पाहिले. दारू व छर्रे खरेदीची नोंद होते ते पान कोरे होते. त्याला परवाना मिळून नऊ दिवस झाले होते आणि ह्या नऊ दिवसांत त्याने गुंजभरही दारू खरेदी केलेली नव्हती. वडिलांच्या जुन्या परवान्यावर शेवटची खरेदी २००२ च्या दिवाळीची. म्हणजे तो बार बापाने ठासलेला होता, बाप गेल्यावर तो ठाण्यात दीड वर्ष सरकारी कुलुपात सुरक्षित राहिला, आणि माझ्या ‘परिपूर्ण’ ह्या शेऱ्यानिशी पुन्हा घरी गेला. मी ही टिपणी वर पाठविली. मुलावरील मुख्य आरोप त्यामुळे सौम्य झाला असे कळले. गुडघा मात्र सौम्य झाला नाही.

त्यानंतर मी एक परिपत्रकाचा मसुदा केला आणि तो साहेबांनी विनाविलंब मंजूर केला : ठाण्यातून शस्त्र परत देताना ‘नळीत गज घालून शस्त्र रिकामे असल्याची खात्री केली’ ह्या रकान्यात अंमलदाराने सही करावी. सहा महिने ह्या रकान्यात सह्या येत होत्या. सातव्या महिन्यापासून त्या जागी रबरी शिक्का येऊ लागला.

दुसऱ्या खेपेस, २०१४ साली, मी पुन्हा त्याच मेजावर बसलो, आणि निवृत्तीपूर्वी दोन वर्षे, जुलै २०१६ मध्ये, १९६२ च्या नियमांची जागा घेणारे नवे शस्त्र नियम आले. त्यांतील दोन गोष्टींनी माझे लक्ष वेधले. एक अशी की अर्जदाराला शस्त्र व दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, नमुना एस-१, अर्जासोबत जोडावे लागू लागले. शस्त्र कसे धरावे, कसे वाहून न्यावे, घरात कोठे व कसे कुलुपात ठेवावे, कायदा काय म्हणतो, हे त्यात शिकवायचे. नस्तीत ज्या प्रश्नाला जागा नव्हती त्याला अखेर एक पान मिळाले. दुसरी गोष्ट अशी की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते अंगावरच्या म्यानात किंवा पिशवीत आणि पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे, आणि ते नेणाऱ्याचा त्यावर ताबा राहिला पाहिजे, असा दंडक झाला.

ह्या दंडकाने आमच्या शाखेत जेवढी निराशा पसरविली तेवढी दुसऱ्या कशानेही पसरविली नसेल. एक ठेकेदार होते. कानपूरच्या कारखान्याचे पॉइंट थ्री-टू रिव्हॉल्व्हर त्यांना हवे होते. मी त्यांना नियम वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी जे विचारले त्यात त्यांचे सारे ‘सबळ कारण’ उघडे पडले.

“साहेब, झाकूनच ठेवायचं तर घ्यायचं कशाला?”

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु पिस्तुलाच्या बाबतीत ते मानावयास फार थोडी माणसे तयार असतात. आणि येथे मराठीतला एक बारीक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे : झाकणे वेगळे, लपविणे वेगळे. लंडनहून पेटीच्या दुहेरी तळातून आलेली ब्राउनिंग पिस्तुले लपविलेली होती. त्यांतल्या एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा शेवट केला, आणि ज्याच्या हाती ते होते त्या अनंत कान्हेऱ्यांना त्या लपविण्याची किंमत काय पडेल ते पुरते ठाऊक होते. लपविलेले शस्त्र राज्यापासून दडविलेले असते. झाकलेल्या शस्त्राचा नंबर राज्यापाशी असतो. झाकायचे असते ते रस्त्यावरच्या माणसांपासून, त्यांना धाक वाटू नये म्हणून. ठेकेदारांना नेमका तो धाकच हवा होता.

माझी एक भाची टेक्सासात असते. तिने तेथे ह्याच प्रकारचा परवाना काढला, तेव्हा फोनवर मी तिला कारकुनी कुतूहलाने नाना प्रश्न विचारले. चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, आणि तीन, सात व पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या. सबळ कारण कोणी विचारले नाही. योगायोग असा की १ जानेवारी २०१६ पासून तेथील परवानेदाराला पिस्तूल म्यानात घालून उघडपणे वावरण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी आमच्याकडे ते झाकण्याचा दंडक आला. पुढे सप्टेंबर २०२१ पासून तेथे एकवीस वर्षांवरील बहुतेकांना परवान्याचीही गरज उरली नाही, म्हणजे वर्ग आणि पन्नास गोळ्याही ऐच्छिक झाल्या. आणि जून २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याची ‘योग्य कारण’ दाखविण्याची अट घटनाबाह्य ठरविली. त्यांचा इतिहास निराळा, घटना निराळी. त्यांच्या घरात मी शिरत नाही. पण माझ्यापुरते सांगायचे तर, कारण विचारणे सोडून दिले तर मी एकवेळ समजू शकेन, शिकविणे सोडून दिलेले मला समजत नाही. कारण हे माणूस बनवून सांगू शकतो. मी तशी शेकडो वाचली आहेत. बोट चापावर ठेवायचे की बाहेर, हे बनवून सांगता येत नाही.

ठेकेदार प्रशिक्षणाला गेले, कारण गत्यंतर नव्हते, आणि परत येऊन त्यांनी माझ्याकडे तक्रार केली की पहिला संपूर्ण दिवस त्यांना एकही गोळी दिली नाही. रिकामे पिस्तूल उचल, उघड, पाहा, दाखव, खाली ठेव, एवढेच शाळकरी पोरासारखे शंभर वेळा करून घेतले. ती तक्रार ऐकताना मला ते शिकविणाऱ्या अनोळखी माणसाविषयी आदर वाटला. ठेकेदारांचा अर्ज पुढे पोलीस अहवालावरून नामंजूर झाला आणि त्यांनी अपील केले. त्याचा निकाल लागण्यापूर्वी मी सेवानिवृत्त झालो.

तो पुतण्या आता तालुक्याच्या गावी किराणा मालाचे दुकान चालवितो. डावा पाय सरळच राहतो, म्हणून गल्ल्यामागे त्याने एक उंच स्टूल करून घेतले आहे. एकदा त्याच्याकडून नारळ घेताना मी कोण ते सांगावे असे फार मनात आले होते, सांगितले नाही.

कोकणातील ज्या घरांतून मुले मुंबई-पुण्याला गेली आणि घराला कुलूप लागले, त्यांतल्या पुष्कळ घरांच्या माळ्यावर, देवघराच्या वरच्या फळीवर किंवा मांगरात आजोबांची अशी एखादी बंदूक अजून असेल, आणि तिचा परवाना आजोबांबरोबरच संपलेला असेल. येत्या सुटीत आपण घर झाडावयास गेलात आणि ती हाती लागली, तर ती रिकामी आहे असे कोणीही सांगो, विश्वास ठेवू नका. मुलांना अंगणापलीकडे पाठवा, बंदूक आहे तेथेच राहू द्या, आणि ठाण्यात कळवून गज घेऊन येणारा माणूस मागून घ्या.